गवताच्या भरवशावर

मिसुरी नदीच्या काठी दर वर्षी एप्रिलमध्ये हजारो माणसं गवत वर येण्याची वाट बघत थांबलेली असायची. गाड्या भरलेल्या, बैल विकत घेतलेले, मागचं घरदार मोडलेलं. तरी पाऊल उचलता येत नसे. लवकर निघावं तर वाटेत बैलांच्या तोंडाला काही लागायचं नाही. उशीर करावा तर पुढं गेलेल्यांच्या जनावरांनी रान साफ केलेलं असायचं आणि शेवटच्या डोंगरांत बर्फ गाठायचा. १८४६ मध्ये डॉनर आणि रीड कुटुंबांचा तांडा असाच मागं पडला, आडवाटेला लागून आणखी रखडला आणि सिएरा नेवाडात बर्फात अडकला. ८७ माणसांतली जवळजवळ निम्मी तिथंच संपली.

मी ओमाहाहून पश्चिमेला याच वाटेनं साउथ पासपर्यंत गेले. ओरेगन ट्रेल हे तिचं प्रसिद्ध नाव. मिसुरीपासून ओरेगनातल्या विलामेट खोऱ्यापर्यंत ती सुमारे ३,२०० किलोमीटर भरते. कॅलिफोर्नियाला आणि युटाला जाणारेही बरंचसं अंतर याच चाकोरीतून काटत. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १८६९ मध्ये रेल्वे सुरू होईपर्यंत तीन ते चार लाख माणसं इथून गेली. या प्रवासाबद्दल मी वाचलं पुष्कळ होतं, पण प्रत्यक्षात माझे डोळे सारखे गवतावर जात राहिले. माणदेशात वाढलेल्या माणसाचं ते होतंच. जिथं पावसावर विसंबता येत नाही अशा मुलखातला माणूस परकं रान बघतानाही आधी हेच बघतो, की यात जनावराला काय मिळेल, किती दिवस पुरेल, आणि हे रान आहे कुणाचं.

निघणारे बहुतेक शेतकरी होते. १८३७ च्या मंदीनं पिकांचे भाव पडलेले, मिसिसिपी-ओहायोच्या पाणथळ खोऱ्यांत हिवतापानं घरं बेजार झालेली, आणि पलीकडे ओरेगनात जमिनीचं आश्वासन. १८५० च्या कायद्यानं तर तिथं वसणाऱ्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर मिळत आणि लग्न झालेलं असेल तर बायकोच्या नावावर आणखी ३२०. ज्या घरात हातभर बांधावरून भावाभावांचं बोलणं तुटलं आहे, त्या घरातल्या कुणालाही ही भूक समजावून सांगावी लागत नाही. मलाही लागली नाही. या माणसांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि पुढं जे काही लिहिते आहे ते तो आदर ठेवूनच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. नेब्रास्का-वायोमिंगची जमीन यांतल्या जवळपास कुणालाच नको होती. १८२० च्या मोहिमेवरून आलेल्या मेजर स्टीफन लाँगच्या नकाशावर हा सगळा पट्टा ‘मोठं अमेरिकन वाळवंट’ म्हणून दाखवलेला होता आणि लोकांनी तसंच धरलं होतं. त्यांना इथून फक्त जायचं होतं. या मुलखाचा घात बऱ्याच अंशी त्या जाण्यानंच केला, जमीन घ्यायला माणसं आली त्याच्या कितीतरी आधी.

जून महिना होता. गाडी माझा भाचा चालवत होता. तो ओमाहात नोकरीला आहे. महामार्ग प्लॅट नदीला धरून पश्चिमेला जातो, जशा गाड्या जात होत्या तसाच. नदी पसरट, उथळ, वाळूच्या बेटांमधून दहा धारांनी वाहणारी. बोटींच्या कामाची नाही, पण बैलगाडीवाल्याला याहून चांगली वाट सापडली नसती: जमीन सपाट, पाणी कायम हाताशी आणि दोन्ही अंगांना गवत. नव्हतं ते लाकूड. चूल पेटवायला मग बायका-मुलं बायसनच्या रानशेण्या वेचत. गोवरी निदान थापावी तरी लागते, ही रानात आपसूक वाळलेली. पूर्वेकडच्या नीटनेटक्या घरांतून आलेल्या बायकांनी पहिले काही दिवस नाकं मुरडली आणि मग त्या ओटे भरभरून वेचू लागल्या, हे त्यांच्या रोजनिशांत पुन्हा पुन्हा येतं.

कोझॅड नावाच्या गावात शंभराव्या रेखांशाची पाटी लागते. साधारण इथून पश्चिमेला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या खाली उतरतो. पूर्वेकडचं गवत माणसाच्या छातीला लागणारं. इथून पुढं ते बुटकं होत जातं. एका टेकाडापाशी गाडी थांबवून मी खाली बसले आणि हातानं चाचपून पाहिलं. बफेलो ग्रास: चार बोटं उंचीचं, कुरळं, राखट हिरवं, जमिनीला घट्ट धरून पसरलेलं. उपटून बघितलं तर सहजी हाताला येत नाही. या गवताचा गुण असा, की उन्हाळ्याच्या अखेरीस ते उभ्या उभ्या वाळतं आणि वाळलं तरी त्याचा कस जात नाही. कापायला नको, गंजी रचायला नको. जागच्या जागी चारा साठलेला. बायसनचे कळप हिवाळाभर त्याच्यावर जगत. लाकोटा, शायान, अरापाहो या मूळच्या लोकांचे घोडे त्याच्यावर जगत, आणि घोड्यांवर व बायसनवर ती माणसं. वाळवंट म्हणून नकाशात दाखवलेल्या मुलखात लाखो जनावरांचं पोट भरत होतं. मेजर लाँगनं नांगराच्या नजरेनं पाहिलं. गुराख्याच्या नजरेनं पाहिलं असतं तर नकाशावर दुसरं काही लिहिलं असतं.

चिमणी रॉक दुपारी दिसू लागला तो संध्याकाळपर्यंत दिसतच राहिला. सपाटीतून ३०० फुटांच्या आसपास उठलेला माती-खडकाचा सुळका. पायी चालणाऱ्यांना तो दोन-दोन दिवस समोर दिसे. या वाटेवरच्या रोजनिशांत सर्वांत जास्त वेळा येणारी जागा हीच.

त्यापेक्षा मला पुढच्या स्कॉट्सब्लफ गावालगतच्या एका थडग्यापाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं. रिबेका विंटर्स ही पन्नाशीची बाई, मॉर्मन पंथाच्या तांड्याबरोबर युटाला निघालेली, १५ ऑगस्ट १८५२ रोजी इथं पटकीनं गेली. दगड घडवायला वेळ नव्हता, तरी एका स्नेह्यानं गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेऊन तिच्यावर छिन्नीनं तिचं नाव आणि वय कोरलं आणि ती थडग्याच्या डोक्याशी पुरली. वाटेवर मेलेल्या हजारोंची थडगी नाहीशी झाली. लांडग्यांनी प्रेत उकरू नये म्हणून कित्येकदा चाकोरीतच खड्डा खणून वरून गाड्या नेत, म्हणजे जागा दडपून जाई आणि वासही लपे. रिबेकाचं थडगं राहिलं ते त्या धावेमुळं. शतकाच्या अखेरीस रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ते रुळांच्या वाटेत सापडलं आणि त्यांनी मार्ग थोडा बाजूला घेतला, असं सांगतात. १९९५ मध्ये रुळांपासून आणखी सुरक्षित अंतरावर ते हलवलं. धाव अजून तिथंच आहे. वाकलेली, गंजून तांबूस झालेली, पण अक्षरं वाचता येतात. मी त्यांवरून बोट फिरवलं तेव्हा कोळशाची एक लांबलचक मालगाडी शेजारून चालली होती आणि ती संपेपर्यंत आम्हाला एकमेकांशी बोलता आलं नाही.

ही पटकी आपल्याकडूनच निघालेली. १८१७ पासून बंगालमधून ती जगभर पसरत गेली. आपल्याकडे तिच्यासाठी गावोगाव मरीआईची ठाणी झाली, तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत पडली. १८४८ च्या अखेरीस ती न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरली, वाफेच्या बोटींतून मिसिसिपी-मिसुरी चढली आणि पुढच्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सोनं शोधायला निघालेल्यांच्या तांड्यांत शिरली. मुक्कामाला नदीकाठी उथळ खड्डा खणायचा, त्यातलं पाणी प्यायचं आणि पलीकडे शौचाला बसायचं. पुढचा तांडा त्याच जागी. सकाळी गाडी हाकणारा माणूस रात्री पुरला जाई. इथल्या मूळच्या लोकांमध्ये हा रोग आला तेव्हा त्याची ओळखच कुणाला नव्हती. प्लॅटच्या काठी राहणाऱ्या पॉनी लोकांत १८४९ या एका वर्षात हजाराहून अधिक माणसं गेली. त्यांच्या नावाची धाव कुठंही पुरलेली नाही.

स्कॉट्सब्लफच्या खिंडीत जुन्या पद्धतीच्या गाड्या मांडून ठेवल्या आहेत. चित्रांत दिसतात त्यापेक्षा त्या फार लहान वाटल्या. दहा फूट लांब, चार फूट रुंद साटा, वर मेणकापडाची कमान. त्यात टनभर ओझं, म्हणून माणसं आत बसतच नसत. म्हातारी, आजारी, बाळंतीण सोडून सगळे चालत, फुफाटा खात. चाकांचे आरे, तुंबे, जू, सगळं माझ्या ओळखीचं. बैलाच्या खुराला दोन फाळ म्हणून पत्र्याही दोन लागतात, घोड्यासारखं एका नालेत भागत नाही, आणि पायाला पत्री मारताना त्याला आडवा पाडावा लागतो, हे तिथल्या कर्मचाऱ्याला सांगताना मला परकं वाटलं नाही. घोडा किंवा खेचर सोडून बैलच का, याचं उत्तरही तिथं मिळालं: बैल स्वस्त, चिवट, आणि मुख्य म्हणजे त्याला दाणा लागत नाही, गवतावर भागतं.

माणसांचा शिधा ठरलेला. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जच्या १८४५ च्या मार्गदर्शिकेत माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड बेकन, २० पौंड साखर आणि १० पौंड कॉफी घ्यायला सांगितलं आहे. याच हेस्टिंग्जनं सांगितलेल्या आडवाटेनं डॉनर तांड्याचा घात झाला. पण बैलांचा शिधा कुणीच गाडीत घालत नव्हतं. तो वाटेवरच होता, फुकटचा. १८५० च्या उन्हाळ्यात ५० हजारांहून अधिक माणसं इथून गेली. एका गाडीला चार ते सहा बैल, शिवाय दुभत्या गाई, घोडे, मेंढ्या. हे सगळं एका नदीच्या काठानं, मे ते जुलै, गवत फुटल्या फुटल्या. काही वर्षांत वाटेच्या दोन्ही अंगांना कित्येक मैल चारा उरेना, काठची कॉटनवूडची झाडं तुटून गेली आणि बायसन दूर सरकले. ज्यांचं पोट त्या खोऱ्यावर होतं त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मग वॉशिंग्टनपर्यंत गेला.

उत्तर म्हणून १८५१ चा करार झाला. तो फोर्ट लॅरमीचा करार म्हणून ओळखला जातो, पण प्रत्यक्षात झाला किल्ल्यापासून पन्नासेक किलोमीटर खाली, हॉर्स क्रीकच्या मुखाशी. कारण लाकोटा, शायान, अरापाहो, क्रो, शोशोनी असे मिळून दहा हजारांच्या आसपास लोक जमले होते आणि त्यांच्या घोड्यांना पुरेल इतकं गवत किल्ल्याजवळ उरलेलंच नव्हतं. ज्या नुकसानीची भरपाई ठरवायची, तिनंच सभेची जागा बदलायला लावली. १७ सप्टेंबरला सह्या झाल्या. रस्ते आणि किल्ले यांना संमती, प्रत्येक राष्ट्राच्या मुलखाच्या सीमा मान्य, आणि बदल्यात दर वर्षी ५० हजार डॉलरचा माल, पन्नास वर्षं. सेनेटनं नंतर पन्नासाची दहा वर्षं केली. आज हॉर्स क्रीकला मका आणि बीटची शेतं आहेत, कालव्याचं पाणी आहे, रस्त्याकडेला एक फलक आहे.

तिथून वायोमिंगची हद्द ओलांडली आणि फोर्ट लॅरमीच्या थोडं अलीकडे दुसरा फलक शोधला. इथं फारसं कुणी थांबत नाही. ऑगस्ट १८५४ मध्ये कराराप्रमाणे मिळायच्या मालाची वाट बघत हजारो लाकोटा नदीकाठी उतरलेले होते. एका मॉर्मन प्रवाशाची लंगडी गाय कळपातून भरकटून त्यांच्या तळात शिरली आणि पाहुणा म्हणून आलेल्या हाय फोरहेड नावाच्या माणसानं ती मारली. मालकानं किल्ल्यावर तक्रार नेली. तळाचा प्रमुख काँकरिंग बेअर स्वतः गेला आणि गायीच्या बदल्यात आपल्या कळपातला घोडा देऊ म्हणाला. ते मान्य झालं नाही. करारानुसार असले तंटे सरकारी एजंटानं सोडवायचे होते आणि तो यायचा होता. त्याची वाट पाहायला हवी होती. त्याऐवजी वेस्ट पॉइंटहून नुकताच आलेला लेफ्टनंट जॉन ग्रॅटन २९ शिपाई, दोन तोफा आणि दारू प्यायलेला एक दुभाषी घेऊन गेला. बोलणं फिसकटलं, गोळ्या सुटल्या, काँकरिंग बेअर जबर जखमी झाला आणि पुढं त्यातच गेला. मग लाकोटांनी ती सगळी तुकडी कापून काढली. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात जनरल हार्नीनं ब्लू वॉटरच्या ओढ्याकाठी दुसऱ्याच एका तळावर चाल करून ८६ माणसं मारली. त्यांत बायका-मुलंही होती.

“मावशी, एका गायीपायी?” भाचा म्हणाला.

“गाय निमित्त रे. तो माणूस घोडा द्यायला आला होता ना? तिथंच मिटलं असतं.”

शेताच्या बांधावर गुरं शिरण्याची भांडणं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कोंडवाडा असतो, पंच असतात, नुकसान मोजून देतात, वेळ पडली तर एखादं जनावर तोडून देतात. काँकरिंग बेअर हेच करत होता. पंचाची भाषा तो बोलत होता आणि समोर तोफा होत्या. शिवाय ज्यांच्या रानावर तीन-चार वर्षांत लाखो जनावरं चरून गेली त्यांच्याकडून एका लंगड्या गायीचा हिशेब मागितला जात होता. हे मला आजही सहन होत नाही.

इतिहासकार जॉन अनरू यांनी रोजनिशा आणि वर्तमानपत्रं तपासून एक हिशेब मांडला आहे. १८४० ते १८६० या वीस वर्षांत या वाटांवर मूळच्या लोकांच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळचे लोक. लाखोंच्या वाहतुकीत हे आकडे फारच लहान आहेत. बाकी मरण आलं ते पटकीनं, नदी ओलांडताना बुडून, चाकाखाली येऊन, आपलीच बंदूक चुकून उडून. आणि त्याच रोजनिशांत शोशोनींनी नदी पार करून दिली, लाकोटांकडून मोकासिन आणि ताजं मांस घेतलं, वाट विचारली, अशा नोंदी कितीतरी आहेत. सिनेमानं दाखवलेला गाड्यांच्या रिंगणावरचा हल्ला मनातून काढल्याशिवाय ही वाट दिसत नाही.

फोर्ट लॅरमीला तटबंदी नाही. १८३४ मध्ये कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं म्हणून ते सुरू झालं, १८४९ मध्ये सैन्यानं चार हजार डॉलरला विकत घेतलं आणि १८९० मध्ये सोडलं. त्याच १८४९ मध्ये बांधलेलं अधिकाऱ्यांचं दुमजली पांढरं घर अजून व्हरांड्यासह उभं आहे. प्रवाशांसाठी हे ठाणं म्हणजे टपाल, लोहार, जादा भावानं पीठ आणि पुढं जायचं की परतायचं हे ठरवण्याची शेवटची जागा. लाकोटांसाठी ही कराराची जागा. १८६८ चा दुसरा करारही इथलाच, ब्लॅक हिल्स कायमचे त्यांचे म्हणणारा. १८७४ मध्ये तिथं सोनं दिसलं आणि १८७७ मध्ये डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे घेणं बेकायदा ठरवून दहा कोटींहून जास्त डॉलरची भरपाई मान्य केली. लाकोटांसह सू राष्ट्रांनी ती उचलली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. व्याजासकट ती रक्कम आता अब्जाच्या वर गेली आहे आणि अजून तशीच पडून आहे.

ग्वेर्नसी गावाजवळ नदीचा काठ दलदलीचा होता, म्हणून गाड्यांना बाजूच्या वालुकाश्माच्या टेकडीवरून जावं लागे. तिथली चाकोरी बघायला मी सर्वांत जास्त आसुसले होते. नुसत्या लोखंडी धावा आणि खूर यांनी खडक कापला आहे, काही ठिकाणी पाच फूट खोल. मी आत उतरले तर कडा माझ्या खांद्याला आल्या. तळ एकसारखा नाही: दोन चाकांच्या दोन खाचा आणि मध्ये बैलांच्या पायांनी उगाळलेला भाग. कडेच्या भिंतींवर तुंबे घासून गुळगुळीत झालेले पट्टे आहेत, हाताला स्पष्ट लागतात. चढ असा, की बैलांचे गुडघे टेकले असतील. गाडीमागून मुलं उटी लावत चालली असतील, चाक मागं आलं की दगड सरकवायचा. खडकाच्या खाचेत आता थोडं गवत धरलं आहे. वरच्या बाजूला मेडोलार्क ओरडत होता आणि सेजच्या झुडपांचा कडवट वास वाऱ्याबरोबर येत होता. मी तिथं पुष्कळ वेळ बसून राहिले. त्या बैलांचं मला फार वाईट वाटलं. पोहोचले त्यांना शेत होतं, हे मेले त्यांची मोजदादही नाही. वाटेवर मेलेल्या बैलांच्या दुर्गंधीचे उल्लेख रोजनिशांत पानोपानी आहेत.

पुढं इंडिपेंडन्स रॉकवर चार जुलैपर्यंत पोहोचलं तर पुढचं वेळेत होईल, असा ठोकताळा होता. कासवाच्या पाठीसारखा मोठा ग्रॅनाइटचा खडक, आणि त्यावर जाणाऱ्यांची नावं. डांबर आणि वंगणानं रंगवलेली पुसून गेली, कोरलेली उरली. तिथून जवळच स्वीटवॉटर नदीच्या आसऱ्याला १८५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मॉर्मनांच्या हातगाड्यांचे तांडे बर्फात सापडले. बैल घ्यायलाही पैसे नसलेले इंग्लंड-स्कँडिनेव्हियातले गरीब लोक, ओल्या लाकडाच्या हातगाड्या ओढत, ऑगस्ट संपत आला तेव्हा मिसुरीकाठून निघालेले. दोन तांडे मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली. नावं वाचायला आलेल्या मला मग त्या खडकावर चढावंसं वाटलं नाही.

साउथ पास ही रॉकी पर्वतातली खिंड म्हणावी तर तशी काही दिसतच नाही. कित्येक किलोमीटर रुंद, सेजची झुडपं असलेलं माळरान, ७,४०० फुटांवर, चढ इतका हळू की आपण खंडाचा कणा ओलांडतो आहोत हे अनेकांच्या ध्यानातही आलं नाही. पण अशी सोपी जागा इथं नसती तर गाड्या पश्चिमेला गेल्याच नसत्या. दोन छोटे दगड उभे आहेत. एक १८३६ मध्ये इथून गेलेल्या नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पाल्डिंग या पहिल्या दोन गोऱ्या स्त्रियांचा. दुसरा एझ्रा मीकरचा. तरुणपणी १८५२ मध्ये तो बैलगाडीनं ओरेगनला गेला आणि १९०६ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, पुन्हा बैल जुंपून उलट्या दिशेनं निघाला, वाट पुसली जाऊ नये म्हणून जागोजाग दगड बसवत. नार्सिसाचा शेवट वाईट झाला. ओरेगनात तिच्या मिशनपाशी गाड्यांबरोबर आलेल्या गोवरानं कायूस लोकांची मुलं पटापट मेली. नवरा डॉक्टर असून गोरी मुलं वाचतात आणि आपली मरतात, हे बघून संतापलेल्या कायूसांनी १८४७ मध्ये त्या दोघांना मारलं.

परतताना आम्ही दक्षिणेकडून युनियन पॅसिफिकच्या रुळांच्या बाजूनं आलो. १८६९ च्या मे महिन्यात प्रॉमंटरीला दोन्हीकडचे रूळ जुळले आणि गाडीवाटेचं महत्त्व संपलं. ज्या रानातून लोक नुसते जात होते तिथं मग ते राहायला आले. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळत होते. या कोरड्या पट्ट्यात १६० एकरांत कुटुंब जगणार नाही, चराऊ रान म्हणून २,५६० एकर तरी हवेत, असं जॉन वेस्ली पॉवेलनं १८७८ च्या अहवालात लिहिलं. कुणी ऐकलं नाही. गवत नांगराखाली गेलं आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस बायसन हजाराच्या आसपास उरले.

ओमाहाला पोहोचण्याआधी मी भाच्याला उत्तरेला वॉल्टहिलकडे वळायला लावलं. हे गाव ओमाहा लोकांच्या राखीव मुलखात आहे. शहराला ज्यांचं नाव आहे ते हे लोक. १८५४ च्या करारानं त्यांनी आपला बहुतेक मुलूख दिला आणि हा तुकडा त्यांच्याकडे उरला. इथं १८६५ मध्ये सुझन ला फ्लेश जन्मली. लहान असताना तिनं एका आजारी ओमाहा बाईला मरताना पाहिलं. सरकारी डॉक्टरला रात्रीतून चार वेळा निरोप गेला आणि तो आला नाही. सुझन पुढं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेली. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये जिथून डॉक्टर झाल्या, पंडिता रमाबाई ज्या पदवीदानाला हजर होत्या, ते हेच कॉलेज. आनंदीबाई भारताकडे निघाल्या त्याच ऑक्टोबरात सुझन तिथं दाखल झाली. आनंदीबाईंना पुढच्या फेब्रुवारीत क्षयानं नेलं. सुझन १८८९ मध्ये वर्गात पहिली येऊन घरी परतली आणि तिच्या लोकांतही क्षयच पसरलेला होता.

हजाराहून अधिक माणसांची ती एकटी डॉक्टर होती. घोड्यावरून, बग्गीतून, बर्फातून फिरत असे. माश्यांसाठी दारं-खिडक्यांना जाळ्या लावा, सगळ्यांनी एकाच पेल्यानं पाणी पिऊ नका, हे घरोघर सांगत असे. आपल्या जमिनींचे व्यवहार ओमाहांना स्वतः करू द्या, हे सांगायला १९१० मध्ये ती वॉशिंग्टनला गेली. १९१३ मध्ये देणग्यांवर, सरकारी पैशाशिवाय, तिनं वॉल्टहिलला रुग्णालय उभं केलं आणि दोन वर्षांत ती स्वतःच गेली. टेकाडावरची लाकडी इमारत, रुग्णांना मोकळी हवा मिळावी म्हणून लांब ओसरी. तिथं ओमाहा यायचे आणि त्यांच्या जमिनींवर वसलेले गोरे शेतकरीही यायचे, आणि सुझन दोघांनाही तपासायची.